आशाबाईची मिसरी आणि टेकडीवरचा लिंब

आष्टीपलीकडच्या त्या वाडीत तंबाखूचा कुणी खरा वैरी असेल, तर ती आशाबाई. पाच वर्षांपूर्वी तिने नवऱ्याची, सांडूची, तंबाखूची पुडी चुन्याच्या डबीसकट विहिरीत भिरकावली होती. पुन्हा पुडी दिसली तर तिच्यामागोमाग मालकही विहिरीत जाईल, असं वर जाहीरही केलं होतं. सांडू धिप्पाड गडी, चाळीस मेंढरांचा कळप नुसत्या शिट्टीवर वळवणारा. पण बायकोपुढे त्याने निमूटपणे बडीशेप चघळायला सुरुवात केली. तेव्हापासून कुणाच्या ओठाखाली फुगवटा दिसला की आशाबाई भर पारावर त्याची बिनपाण्याने करायची. ती येताना दिसली की म्हातारेकोतारेसुद्धा मळलेली चिमूट मुठीत लपवायचे.

अशी ही बाई, आणि पाय बंद पडायला लागले ते तिचेच.

वाडीमागे एक टेकडी आहे. ती ओलांडली की गायरान लागतं. लग्न होऊन आल्यापासून पंचवीस वर्षं आशाबाई मेंढरांमागे ती टेकडी चढत आली. चढ कधी लागला, कधी संपला, तिला कळायचंही नाही. पण यंदा दिवाळी सरली आणि अर्ध्या चढावर पोटऱ्या आवळून यायला लागल्या. छाती धडधडायची, बोटं गार पडायची. तिथे मध्यावर एक लिंब आहे. त्याच्या बुडाशी दहा मिनिटं टेकलं की पाय पुन्हा चालू व्हायचे. सुरुवातीला मेंढरं तिच्यासाठी थांबायची. पुढे पुढे त्यांनीही नाद सोडला. वाटेत कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असायचं, "काटा रुतला, काढून राह्यले."

इतके काटे आजवर कुणाच्या पायात मोडले नसतील. खरा काटा होता तो मनात. तिच्या सासूचं, केशरबाईचं, असंच सुरू झालं होतं. आधी पोटऱ्या दुखल्या, मग अंगठा काळा पडला आणि शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर केशरबाई तीन वर्षं ओट्यावर बसून होती. सकाळी कळप जाताना बघायची, संध्याकाळी येताना बघायची. आशाबाईला मरणाची भीती नव्हती. त्या ओट्याची होती.

चार महिने तिने झाकून नेलं. मग होळीच्या आठवड्यात एका संध्याकाळी मेंढरं घरी आली आणि त्यांच्यामागे कुणीच नव्हतं. अर्ध्या तासाने आशाबाई भिंतीला धरून आली. सकाळी सांडू धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चल, जालन्याला."

नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या एका दवाखान्यात, डॉक्टर अर्पिता म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. साखर तपासली, ती बरी निघाली. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का? बिडी, गुटखा?"

आशाबाई दुखावलीच. "देवाशप्पथ न्हाई! ह्यांचीबी मीच सोडवली. इचारा त्यायला."

सांडूने मान हलवली. त्यालाही त्यात काही खोटं वाटलं नाही.

मग तिला पट्ट्याच्या यंत्रावर चालायला लावलं. जागच्या जागी चालायचं आणि कुठेच पोचायचं नाही, हा प्रकार तिला हसण्यासारखा वाटला. पण चौथ्या मिनिटाला हसू विरलं, पोटऱ्या आवळल्या आणि तिने दांडी घट्ट धरली. यंत्र थांबलं. चालायच्या आधीच नाडी फार जोरात होती, हे बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "चालताना पायांना रक्त कमी पडतंय," त्या म्हणाल्या. "रक्तवाहिन्या कुठे बुजल्यात का ते दुपारी सोनोग्राफीत बघू."

नेमकं हेच वाक्य केशरबाईच्या डॉक्टरने म्हटलं होतं.

दुपारपर्यंत वेळ जाता जाईना. तिचं मन घाबरलं की हात आपोआप कनवटीला जायचा. ती मागच्या नळावर गेली, कनवटीची डबी काढली आणि काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायला लागली. तेवढ्यात डबा धुवायला डॉक्टर अर्पिता तिथे आल्या.

"मावशी, हे काय?"

"दात घासून राह्यले."

"आता? दुपारी?"

"सात-आठदा व्हतं दिवसातून. पयल्या बाळंतपणाच्या टायमाला दाढ लई ठणकत व्हती, तवा सासूनं लावून देल्ती मिसरी. तवाधरून सुटली न्हाई."

"आणि ही करता कशाची?"

"आता त्यात काय! पानं आणायची, तव्यावर काळी व्हस्तोर भाजायची, कुटायची, कापडातून गाळायची."

"कसली पानं?"

"तंबा..." आशाबाईचं बोट तोंडातच थांबलं.

चोवीस वर्षं स्वतःच्या हाताने तंबाखू भाजणाऱ्या बाईच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. हसू नका, वाडीत कुणाच्याच आलं नव्हतं. तंबाखू म्हणजे पुरुषांची, चुना लावून मळायची आणि पारावर थुंकायची. मिसरी म्हणजे बायकांचं दात घासणं. एक व्यसन, दुसरी स्वच्छता. आशाबाई काही खोटं बोलली नव्हती. तिच्या हिशेबी ती खरोखरच तंबाखू खात नव्हती.

नळाशेजारच्या दारात बाकावर बसलेल्या सांडूने सगळं ऐकलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. पाच वर्षं त्याने तिची बोलणी खाल्ली होती. आज पोटभर हसून घ्यायचा त्याचा हक्क होता. पण सांडू भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा अगदी मन लावून वाचत होता. त्या घडीला नवऱ्याची तिला फार माया आली.

डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं. "मिसरीतलं निकोटीन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं. आपण चालतो, चढतो, तेव्हा पायांना जास्त रक्त लागतं, म्हणून रक्तवाहिन्या रुंदावायला हव्यात. निकोटीन त्या उलट आवळून धरतं. आणि हृदयाला मात्र पळायला लावतं."

"म्हंजी मोटर जोरात, अन् पायप दाबलेला," सांडू म्हणाला.

"बरोबर. चढायच्या आधी लावता का हो मावशी?"

"चढाआधी तर लावतेच लावते," आशाबाई पुटपुटली. "वाटायचं, ताकद येती."

सोनोग्राफी चालू असताना तिने सांडूच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. थंडगार यंत्र मांडीवरून पोटरीवर, पोटरीवरून घोट्यावर फिरलं. केवढा वेळ लागला तो! शेवटी डॉक्टर अर्पिता म्हणाल्या, "वाट मोकळी आहे. बुजलेलं कुठेच नाही. आजपासून मिसरी बंद करा. दीड महिन्याने या, पुन्हा चालून बघू."

"अन् पाय?"

"पायाला काय होतंय? तो तुमचाच आहे."

आशाबाई दवाखान्यातच मोठ्याने रडली. "आवं, पाय ऱ्हातो म्हनं माझा," ती सांडूला पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू त्याने ऐकलंच नव्हतं. छातीवरची मोठी धोंड उतरली होती. स्टेशनसमोर त्या दिवशी तिने दोन कप चहा प्यायला आणि दोन्ही वेळा तो गोड झाल्याचं सांगितलं.

सोडणं मात्र गोड नव्हतं. तीन दिवस डोकं ठणकलं. मेंढरांना शिव्या बसल्या, कोंबड्यांना बसल्या, सांडूला तर बसल्याच. चौथ्या दिवशी ती मेंढरांच्या वाडग्यामागे जाऊन डबीच्या तळाची पूड नखाने खरवडून आली, आणि मग स्वतःच सांडूपुढे येऊन उभी राहिली. "लावली मी. बोला काय बोलायचं ते."

सांडूने डबी घेतली, नळाखाली घासून पुसली आणि बडीशेपेने भरून परत दिली. "मला सातव्या दिसापासून जरा बरं वाटलं व्हतं," एवढंच तो म्हणाला. मिसरी भाजायचा तवा तिने कोंबड्यांना पाणी ठेवायला अंगणात मांडला.

दीड महिन्याने पुन्हा तोच दवाखाना, तोच कागद. या वेळी विचारणारी नवी नर्स होती. "तंबाखू खाता का?"

"खात व्हते," आशाबाई म्हणाली. "चोवीस वर्सं. मिसरी बी तंबाखूच असती बाई, लिव्हा तसं." यंत्रावर ती अकरा मिनिटं चालली. थांबवलं ते डॉक्टरांनीच.

दुसऱ्या दिवशी ती कळपामागे निघाली. चढ लागला. पोटऱ्यांकडे तिचं बारीक लक्ष होतं. लिंब जवळ आला, शेजारी आला आणि मागे पडला. मेंढरं सवयीने पुढे पळाली होती. माथ्यावर त्यांनी वळून पाहिलं, तर मालकीण त्यांच्यातच उभी. तिला एकटीलाच हसू फुटलं, आणि मागोमाग केशरबाईही आठवली. पाय काढल्यावर दवाखान्यात म्हातारीने पहिली कुठली वस्तू मागितली असेल, तर मिसरीची डबी. आणि आशाबाईनेच ती घरून भरून नेली होती, ताजी भाजून. "मला ठावं नव्हतं हो आत्याबाई," ती मोठ्याने म्हणाली.

संध्याकाळी सांडू वाडग्याच्या दाराशी बसला होता. मेंढरं आत घेता घेता म्हणाला, "दिवाळीपासून मी हितून बघत व्हतो. तू लिंबाखाली किती येळ बसती, ते. रोज जरा जास्तीच. इचारायची हिंमत न्हाई झाली माझी." त्याने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले. "आज बसलीच न्हाईस."

आशाबाईने शेवटचं कोकरू आत ढकललं आणि त्याच्याशेजारी टेकली.

"काटाच न्हाई रुतला," ती म्हणाली.