लुगड्याच्या काठाला लागलेली आंब

आधीच सांगतो, मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमच्या बसवकल्याण भागात कुणी भुताखेतांचा विषय काढला की त्याची उलटतपासणी घेणारा माणूस मी. बायको म्हणायची, "तुमच्यापुढं भूतसुद्धा पुरावा घेऊनच येईल." ...तसंच झालं, म्हणून लिहितोय.

अक्का माझी थोरली बहीण, मंठाळला दिलेली. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, शेत तीच बघते. बिडी-सिगारेट तिनं कधी हातात धरली नाही. तरी खोकला हटेना. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला — फुप्फुसाचा कॅन्सर. तुकडा इतका बारका होता, की निदानातच संपला. डॉक्टर म्हणाले, अजून एक लागेल. काही रुग्णांत, विशेषतः कधीच न ओढणाऱ्यांत, पेशीवरचं एखादं प्रथिन बिघडतं — ईजीएफआर हे त्यातलं एक — आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सोडतच राहतं. ते सापडलं तर त्यालाच गप्प करणारी गोळी आहे. नाही सापडलं तर वेगळे उपचार.

हे सगळं मी अक्काला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं. ती हात जोडून म्हणाली, "बाळू, पुन्हा सुई नगं. घरी ने मला. एळामावस करू दे, मग काय व्हायचं ते व्हऊ दे." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. मी चिडलो, आणि मग दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो.

वेळ अमावस्येला, म्हणजे अक्काच्या एळामावसेला, आमच्याकडं शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करतात, आत पांडवांची पूजा होते, शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ताकातल्या ज्वारीच्या आंबिलीचं जेवण होतं. एकजण आंबिलीचं गाडगं घेऊन शेताभोवती शिंपडत फिरतो. तो 'ओलगे ओलगे' अशी आरोळी देतो, मागून चालणारा 'सालम पोलगे' म्हणून झेलतो. शिंपणाऱ्यानं मागं वळायचं नाही, असा अक्काच्या घरचा नेम. दाजी पुढं असायचे, अक्का मागं, आणि तिचा आवाज दुसऱ्या शिवारात जायचा. त्या वर्षी गाडगं माझ्या हातात आलं. मागं कुणीच नव्हतं. अक्का कोपीत, माझ्या बायकोच्या खांद्याला टेकून बसलेली.

भर दुपार. हरभऱ्याच्या कडेनं चालत मी ओशाळून आरोळी दिली.

मागून उत्तर आलं. खणखणीत... अक्काचं.

वाटलं, शेजारच्या शेतातलं असेल. पुन्हा ओरडलो. पुन्हा उत्तर, अगदी पाठीशी. हरभऱ्यातून पावलं पडल्याची सळसळही. अंगावर काटा आला, पण भीती वाटली नाही. कितीतरी महिन्यांनी मी बहिणीचा तो जुना, न तुटणारा आवाज ऐकत होतो, आणि तो थांबू नये असं वाटत होतं. शेवटच्या कोपऱ्यावर मात्र राहवलं नाही, वळलो. कुणी नव्हतं.

कोपीशी आलो तर अक्का रडत होती.

"कामून रडायलीस?"

"किती दिसानं वरडले रे..."

"तू तर इथंच होतीस."

"न्हाई रे, तुझ्या मागंच व्हते की. वळलास कामून, येड्या?"

बायको शपथेवर सांगते — अक्का जागची हलली नाही, तोंड उघडलं नाही, डोळे मिटून खांद्याला टेकूनच होती. पण लुगड्याचा काठ ओलसर दिसला म्हणून बायकोनं बोट लावून जिभेवर टेकवलं. आंबट. हरभऱ्याच्या पानांवर असते ती आंब. ती झाडांतून चालल्याशिवाय लागत नाही, आणि अक्काला आम्ही गाडीतून कोपीच्या दारात उतरवलं होतं.

सांजच्याला अक्काच म्हणाली, "उद्या चल कलबुर्गीला. काढू दे सुई. अजून दम हाय माझ्यात."

नव्या तुकड्यात ते प्रथिन सापडलं. गोळी सुरू झाली, हळूहळू खोकला उतरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हा रोग कधी ना कधी गोळीला वळसा घालतो, तेव्हा पुन्हा तपासावं लागेल. गोळीनं काय केलं ते मी फळ्यावर आकृती काढून दाखवू शकतो. त्या दुपारचं काहीच दाखवता येत नाही. शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून झालं, बायकोला खोदून खोदून विचारून झालं. 

यंदा अक्का खरंच माझ्या मागं चालली. उत्तर उशिरा यायचं, मध्येच खोकल्यानं तुटायचं. त्या दिवशीचा आवाज हा नव्हता. मी वळलो नाही. खरं तर वळायची हिंमतच होत नव्हती.

शेवटच्या कोपऱ्यावर तीच म्हणाली, "बघ की आता मागं. हाय मी."