तळमजल्यावरचे नगरसेवक

लोक पैशावर जीव टाकतात, जमिनीवर टाकतात, क्रिकेटवर टाकतात. लोकसंख्येवर जीव टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो नागोयात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहत होता. वय साठीच्या पुढचं, चेहरा अस्सल जपानी आणि जपानी भाषा मात्र माझ्याइतकीच मोडकी. त्यांचे आजोबा शेती करायला जपानातून बोटीने ब्राझीलला गेले होते. नातू विमानाने उलटा येऊन मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. पण ही झाली पोटापाण्याची ओळख. त्यांच्या स्वतःच्या लेखी ते ब्राझीलमधल्या एका चिमुकल्या नगरपालिकेचे, दोनदा निवडून आलेले नगरसेवक होते. पद सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण ते पद त्यांना सोडायला तयार नव्हतं.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून जिन्यातच होतं. त्यांनी नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमच्या गावची लोकसंख्या किती?" मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. म्हटलं, "असेल की बरीच." त्यांचा चेहरा पडला. "बरीच हा आकडा नाही," ते म्हणाले, आणि माझ्या हातातलं कुकरचं खोकं घेऊन वर चढू लागले.

त्यांच्या गावाबद्दल एकदा सुरू झाले की थांबायचे नाहीत. तिथे एक नगराध्यक्ष, नऊ नगरसेवक आणि एक रुग्णवाहिका. सभा सोमवारी संध्याकाळी, आणि सभागृहाचं दार उघडंच असल्यामुळे एक पिवळं कुत्रं नियमित हजर. "कोरमची अडचण आली की आम्ही त्याच्याकडे बघायचो," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. देवळासमोरचं, म्हणजे त्यांच्या चर्चसमोरचं, बाकडं आंब्याच्या सावलीत ठेवायचं की नाही यावर तीन सभा गाजल्या होत्या. विरोधी नगरसेवकाचं म्हणणं, आंबे डोक्यात पडतील. ठराव यांनी जिंकला आणि पहिला आंबा यांच्याच डोक्यात पडला. दर रविवारी गावाहून बहिणीचा फोन यायचा. गावात मूल जन्मलं असलं की हे कंडेन्स्ड दुधाचे चॉकलेटी लाडू वळून इमारतभर वाटायचे. कुणी गाव सोडून शहरात गेलं असलं की दिवसभर सुतकी चेहरा. "तिघं गेले," एकदा मला जिन्यात म्हणाले, "तान्ह्या बाळासकट." मला वाटलं अपघात झाला. ते कुटुंब फक्त नोकरीसाठी साओ पावलोला गेलं होतं.

माझे बाबा नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसून निवृत्त झालेत. हे कळल्यावर नगरसेवक एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या घरी व्हिडिओ कॉलला हजर झाले. माझी मुलगी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते, म्हणून तिला दुभाषी केलं. बाबा म्हणाले, "त्यांना विचार, मृत्यूची नोंद वेळेत करतात का लोक?" नगरसेवकांनी छातीवर हात ठेवला. "जन्माची करतात. मृत्यूची मलाच करून आणावी लागायची." बाबा फोनमध्ये ओरडले, "अगदी आमच्यासारखंच!" मग मुलगी खेळायला निघून गेली आणि पुढचा तासभर दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. फोन ठेवताना बाबा मला म्हणाले, "माणूस लाख आहे हो."

आमच्या रहिवासी मंडळातही ते निवडून आले, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं. प्रत्येकाने कचरा खाली आणून ठेवायच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी कारखान्यात जाण्याआधी ते कचरा ठेवायच्या जागेपाशी उभे राहायचे आणि कोण आलं, कोण नाही हे मनात टिपायचे. काहींना ते आवडत नसे. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ सभेत स्पष्ट म्हणाले, "इथे आम्ही दुसऱ्याच्या घरात डोकावत नाही." नगरसेवकांनी मान खाली घालून माफी मागितली आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच उभे राहिले.

हिवाळ्यात अशाच एका कचऱ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. "एक कमी आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या, एकट्या राहणाऱ्या आजी खाली आल्या नव्हत्या. मी म्हटलं, "मुलाकडे गेल्या असतील."

"गेल्या असत्या तर सांगून गेल्या असत्या. चला."

आम्ही बेल वाजवली, हाका मारल्या. व्यवस्थापकाला फोन केला, तर त्याने मुलाच्या परवानगीशिवाय दार उघडता येणार नाही म्हणून सांगितलं. माझा तर धीरच सुटला. नगरसेवक मात्र गुडघ्यांवर बसले, पत्र टाकायच्या फटीला तोंड लावून त्यांनी आजींना हाक मारली आणि मग कान लावला. बराच वेळ काही नाही. मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. आतून टक्‌टक् ऐकू येत होती. त्यांनी लगेच रुग्णवाहिका बोलावली. आजी आदल्या संध्याकाळपासून न्हाणीघरात पडलेल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाताला लागलेल्या मगाने त्या फरशीवर ठोकत होत्या.

आजी वाचल्या. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ मिठाईचा खोका घेऊन तळमजल्यावर गेले आणि बराच वेळ वाकून उभे राहिले. नगरसेवकांनी त्यातली अर्धी मिठाई त्यांनाच परत खायला लावली.

मग गेल्या वसंतात बहिणीचा फोन आला. गाव इतकं रोडावलं होतं की शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत ते विलीन करायची भाषा सुरू झाली होती. नगरसेवकांनी नोकरी सोडली. मी म्हटलं, "तुम्ही एकट्याने जाऊन काय फरक पडणार?"

"एकाचा," ते म्हणाले. "इथे मी सगळ्यांची डोकी मोजतो, आणि तिकडे माझंच मोजायचं राहिलंय."

निघाले त्या दिवशी पहाटेच आजी काठी टेकत खाली आल्या. इथे कुणी कुणाला मिठी मारत नाही, पण नगरसेवक पडले ब्राझीलचे. त्यांनी आजींना सरळ जवळ घेतलं. आजी खांबासारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग त्यांचा मोकळा हात हळूच वर आला आणि नगरसेवकांच्या पाठीवरून फिरत राहिला.

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. "गारठा आहे, आत जाऊ या," आजी म्हणाल्या. "हो," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.