उजवीकडे दाबलेला हात

पुलाच्या कठड्याला जीप धडकली तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. प्यालेलो नव्हतो, मोबाइलवर बोलत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे अपघात झाला की लोक पहिलं तेच विचारतात. धाड गावाहून बुलढाण्याला सवाऱ्या घेऊन निघालो होतो. दिवेलागणीची वेळ. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी. तिला वाचवायला डावीकडे घेतली आणि गेली गाडी कठड्यावर. सवाऱ्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. एका आजीची बाजाराची पिशवी फाटली, तेवढ्यावरून तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जीपचं मात्र डावं चाक मागे सरकलं होतं आणि चेसिस, म्हणजे जिच्यावर अख्खी गाडी बसते ती लोखंडी चौकट, वाकली होती.

मिस्त्रीने ती रस्त्याच्या कडेलाच सरळ केली. मागचं टोक साखळीने लिंबाच्या झाडाला बांधलं, पुढचं एका ट्रकला. वाकलेली जागा गॅसने लाल केली आणि ट्रकवाल्याला म्हणाला, "घे पुढं, सावकाश." लोखंड असं किंचाळलं की माझे दात शिवशिवले. मग त्याने सुतळी घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात माप घेतलं. दोन बोटांचा फरक होता. पुन्हा ओढली. फरक तेवढाच.

"याच्यावर ओढली तं तुटीन," तो म्हणाला. "थोडी डावीकडं घेईन. तुमच्यासारख्या ड्रायवरले काय हाय त्याचं?"

मीही फुगलो. काय हाय त्याचं!

आता ती गाडी कशी चालायची ते सांगतो. सपाट, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सोडलं की चार लाइटचे खांब जायच्या आत डाव्या चारीत. म्हणून स्टेअरिंग कायम उजवीकडे थोडं दाबून धरायचं, तेव्हा कुठे ती सरळ जायची. ब्रेक मारला की आणखी जोराने डावीकडे ओढायची, म्हणजे पाय खाली जायच्या आधी हात उजवीकडे गेलाच पाहिजे. डावं वळण लोण्यासारखं, पण वळण संपलं तरी चाक आपोआप सरळ व्हायचं नाही, ओढून आणावं लागायचं. डावा टायर आतल्या बाजूने खाऊन टाकायची. ओल्या मातीवरून गेली की मागे चार चाकांच्या चार वेगळ्या रेघा उमटायच्या, कारण मागची चाकं पुढच्यांच्या मागे येतच नव्हती. बाजाराच्या दिवशी एक बाई म्हणाली, "काऊन हो, तुमची गाडी खेकड्यावानी काऊन चालून राह्यली?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. काय करणार?

बुलढाण्यात मशीनवर अलाइनमेंट करून पाहिली. मशीनवाल्याने चाकं जुळवून दिली, आणि खाली वाकून पाहून म्हणाला, "काका, चाकात नाही, मुळातच आहे." मुळात आहे ते मुळातून बदलायची आमची ऐपत नव्हती, विषय संपला.

आणि खरं सांगू? मला त्या गाडीचा तोरा आला होता. स्टँडवरचे बाकीचे ड्रायवर चालवून पाहायचे आणि शेंगा विकणाऱ्याच्या हातगाडीपर्यंत जाऊन ब्रेक मारायचे. "नाई बाप्पा, हे तुयंच काम हाय," म्हणून खाली उतरायचे. "तुया हाताले तोड नाई बे." आमच्या धंद्यात कौतुक असं फुकटात मिळत नाही. मी छाती काढून बसायचो, उजवा खांदा रात्रभर ठणकायचा आणि सकाळी पुन्हा तेच. तीन पावसाळे असे काढले.

मग आरटीओत फिटनेसला गेलो. साहेब खाली वाकले, टॉर्च मारला, उठले आणि पास करायला नाही म्हणाले. हातापाया पडलो. शेवटी काचेवरचं पंचशील झेंड्याचं स्टिकर नखाने खरवडून काढून घेतलं आणि जीप भंगारात दिली.

तेव्हापासून बायको सोयाबीन-कपाशीच्या मजुरीला जाऊ लागली. टोळी टेम्पोने दूरदूरच्या शिवारात जाते. तिचे गुडघे आधीच सुजलेले. संध्याकाळी आली की उंबऱ्यावर बसायची, आणि आत यायला मी हात द्यायचा. मला ते पाहवत नव्हतं. मी घरी, आणि बाईमाणूस वाकून राबते. लाजेने जीव जायचा. गाडीशिवाय मला दुसरं काही येत नाही. म्हणून बुलढाण्याच्या एका डॉक्टरांना ड्रायवर पाहिजे असं कळलं, तेव्हा मी दाढी करून सकाळच्या पहिल्या एसटीने त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. काम सोपं. त्यांची आई धामणगाव बढ्याला राहायची, तिला दर आठवड्याला तपासणीला आणायचं, परत सोडायचं, बाकी दिवस दवाखाना ते घर. डॉक्टर म्हणाले, "उद्या एक चक्कर मारू, मग नक्की करू."

नक्कीच समजा, असं मी घरी सांगितलं. बायकोने त्याच रात्री टोळीच्या मुकादमणीला फोन केला, उद्यापासून येत नाही म्हणून. इतक्या दिवसांनी ती हसून बोलताना मी पाहिली.

डॉक्टरांची गाडी नवीकोरी होती. राजूरचा घाट नीट उतरलो, कारण घाटात वळणांवरच ध्यान असतं. मोताळ्याच्या पुढे सरळ रस्ता लागला. डॉक्टर शेजारी बसून आईच्या औषधांचं सांगत होते, मी "हो साहेब, हो साहेब" करत होतो. मी निर्धास्त झालो. आणि खरंच, मला काहीच जाणवलं नाही. माझ्या मते गाडी सरळ चालली होती. समोरून एसटीचा हॉर्न आला, लांब, न थांबणारा, तेव्हा मी पाहिलं की रस्त्याच्या मधली पांढरी रेघ आमच्या डाव्या अंगाला आहे. घाबरून ब्रेक मारला, आणि ब्रेकबरोबर हातांनी जे इतकी वर्षं केलं तेच केलं. अजून उजवीकडे दाबलं. डॉक्टरांनी स्टेअरिंग धरून हिसका दिला. एसटी आरशाला चाटून गेली. कंडक्टर दारातून ओरडत होता, "मरतं का बे!"

गाडी कडेला थांबली. डॉक्टरांनी माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. वास घेतला. आयुष्यात मी कधी थेंब घेतला नाही, आणि एक शिकलेला माणूस माझं तोंड हुंगत होता. राग यावा तर तोही आला नाही, कारण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

"साहेब, जुन्या गाडीची सवय हाय," मी म्हणालो. "ते डावीकडं ओढायची. आठ दिवस द्या, जाईन सवय."

डॉक्टरांनी आपला पट्टा सोडला. मग म्हणाले, "दिले असते हो. पण त्या आठ दिवसांत मागच्या सीटवर माझी आई बसणार."

ते स्वतः चालवत परत आले. मी डाव्या सीटवर पट्टा लावून बसलो. त्यांनी मला स्टँडवर सोडलं आणि "काळजी घ्या" म्हणाले. चांगला माणूस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी बायकोने चहा टाकला होता. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "मंग महिनाभर दुसऱ्या कोणाची गाडी चालवून पहा ना. हात सुधरीन."

"कोण देईन मले गाडी, हे आयकल्यावर?"

तिने चहा गाळला, मला दिला आणि ती फोन घेऊन दारात गेली. मुकादमणीचा आवाज मोठा, मला आतपर्यंत ऐकू येत होता. उद्या ये, ती म्हणत होती, पण टेम्पोत तुझ्या जागेवर दुसरी बाई घेतली, मागं फाळक्यावर उभं राहा लागीन.

"हाव," बायको म्हणाली. "राहीन उभी."