यादीतले सात परके शब्द

वकील साहेबांच्या ऑफिसात ताई एकोणीस वर्षं टायपिंग करत होत्या. आपल्या कॉम्प्युटरला त्यांनी स्वतःच्या हाताचं वळण लावलं होतं. 'सप्र' टाइप केलं की 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' उमटायचं, 'चसी' म्हटलं की मिळकतीच्या चतुःसीमांचा अख्खा परिच्छेद. असे चारशे पाच संक्षेप. सगळे वहीत उतरवलेले आणि वही कुलपात.

साहेबांनी नवा कॉम्प्युटर मागवला तेव्हा ताईंच्या मनात पाल चुकचुकली. जुना धडधाकट असताना हा खटाटोप कशाला? ज्युनिअर वकील हल्ली फार गोड बोलायचा. आपले संक्षेप त्याच्या हाती गेले, की आपली गरजच काय?

कॉम्प्युटरवाला सेटिंग नव्या मशीनवर न्यायला आला. ताई त्याच्या मानेवर श्वास लागेल इतक्या जवळ खुर्ची ओढून बसल्या.

"हे तुमच्या लॅपटॉपवर कशाला घेतलंत?"

"मध्येच काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून."

"माझ्यासमोर पुसा."

त्याने मुकाट्याने पुसलं. मग नव्या मशीनवर यादी उघडून दाखवली. "घ्या, चारशे बारा. एकही सुटला नाही."

"चारशे बारा? माझे चारशे पाच आहेत."

तो गेल्यावर ताईंनी वही काढून एकेक ओळ ताडून पाहिली. सात संक्षेप खरंच परके होते. त्यातला 'मामृ' उलगडत होता 'माझ्या मृत्युनंतर' असा. 'त्यु' ऱ्हस्व! ही चूक त्यांच्या हातून मेल्यावरसुद्धा झाली नसती.

त्यांनी ज्युनिअरला गाठलं. "माझ्या मशीनला हात लावलात?"

"तुमच्या? ताई, तुमच्या स्टेपलरला हात लावायची हिंमत नाही होत माझी."

दाराशी उभे असलेले साहेब म्हणाले, "त्याला सोडा. तुम्ही आत या."

आत गेल्यावर साहेबांनी दार लावलं. "मीच लावला हात. रविवारी येऊन बसतो. मृत्युपत्र करतोय. घरच्या कॉम्प्युटरवर मुलगा डोकावतो."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. कितीतरी महिने ते सह्या दार लावून का करत होते, हे ताईंना आत्ता उमगलं. "एकेक अक्षराला घाम फुटतो. तुमचे संक्षेप होते, त्यात माझे सात घातले, म्हणून निम्मं तरी झालं. जुनं मशीन रविवारी दोनदा मध्येच बंद पडलं. यादी कायमची गेली असती, म्हणून नवं घेतलं."

ज्युनिअरवर संशय घेतल्याची ताईंना शरम वाटली, कॉम्प्युटरवाल्यावर घेतल्याची मात्र नाही.

"बाकीचं मी टाइप करते," त्या म्हणाल्या. "पण 'मृत्यूनंतर'मधला 'त्यू' दीर्घ असतो, साहेब. कोर्टात हसतील."

साहेबांना हसू आलं. "करा दुरुस्त. आणि एक विचारू? एवढी वर्षं वही कुलपात का ठेवता?"

"माणसांचा काय भरवसा," ताई म्हणाल्या आणि पुढची ओळ विचारायला त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.