दिवसाचं पाणी

भर दुपारी मामा उसाला पाणी द्यायला निघाले, तरी हातात काठी होती. बांधावरून चालताना दर पावलाआधी ते ती जमिनीवर आपटत होते. लख्ख ऊन, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"सवय रे," मामी हसली. "इतकी वर्षं पंपाला वीज रात्रीच यायची. अंधारात सापाला चाहूल लागावी म्हणून काठी आपटायचे. ते घरी येईपर्यंत माझा डोळा लागायचा नाही."

आता गायरानावर सौर पॅनेलं बसली आणि वीज दिवसा येऊ लागली. मामी रात्री गाढ झोपते. मामांच्या हाताला मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही.

अशी सौर वीज वाढवायचं ज्यांत ठरतं, त्या हवामानाच्या करारांबद्दल मी वाचतो आणि दर वेळी चिडतो. त्या रटाळ कागदांच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी झोप असते, हे मनातच आलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना टीव्हीवर बातमी लागली: हवामान परिषदेत श्रीमंत आणि गरीब देशांची बोलणी रात्रभर चालली, तोडगा नाही.

मामांचा घास हातातच राहिला. "रात्रभर? त्यांच्याकडं अजून दिवसाची लाइन आली नाही काय?"