काका आणि बिनतिकिटाचा पाव्हणा

गाजरगवताचा माझ्या थोरल्या काकांइतका मनापासून द्वेष करणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नसेल. असला तर काकांना तो अजून भेटलेला नाही. वैराला कारणही तसंच. आमचं घर शेळ्यांवर चाललं, माझं कॉलेजसुद्धा. त्याची पायरी चढलेली घरातली पहिली मीच, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पण गावामागच्या गायरानात त्या गवतानं पाय पसरले तशी चराई आटली. काका दर उन्हाळ्यात एखादी शेळी जवळा बाजार गावाला विकायला न्यायचे आणि रिकामं दावं घेऊन परतायचे. अशानं कळपच संपेल, ही भीती घरात कुणी बोलून दाखवत नसे.

परदेशी धान्याच्या पोत्यांत लपून आलं म्हणून काका त्याला ‘बिनतिकिटाचा पाव्हणा’ म्हणत. दिसेल तिथं उपटायचं, हा नेम. पुसेगावला चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो, तर चहा येईपर्यंत यांनी त्यांचं अर्धं अंगण साफ केलं. मुलीच्या आईनं काकूला हळूच विचारलं, “रोजाचा गडी संगं घेऊन फिरता काय तुमी?” सोयरीक जमली, ती अंगणामुळेच, असं काकांचं ठाम मत आहे. गायरानाची मोहीम मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, सगळी भावकी मोकळी. काका तिला हाकून नेत. गुडघ्याएवढं गवत ओल्या मातीतून अलगद निघे. तरी पुढच्या साली ते आणखी दाट, आणि दरसाल बुटकं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला शंका आली: हे बुटकेपण मातीचं की बियाचंच? गायरानातलं बी आणि कुणीच कधी न उपटलेल्या सडकेकडचं बी मी फुटक्या माठांत शेजारी-शेजारी पेरलं. घरात वैरी पोसते म्हणून काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मग हळूहळू रोज सकाळी माठांपाशी येऊन बसू लागले. मी परीक्षेला गेले तेव्हा वैऱ्याला पाणी त्यांनीच घातलं, वर कोंबड्यांनी उकरू नये म्हणून काट्या लावल्या. गायरानातलं झाड वीतभर होताच फुललं. सडकेचं अजून पानंच काढत होतं. एकदा पेरून खात्री होत नाही म्हणून पुन्हा पेरलं. तेच झालं.

“काहून गं माय?” काकांनी विचारलं. मी सांगितलं, की जे सावकाश उंच झालं ते आपण पोळ्याला उपटलं; जे घाईनं फुललं त्याचं बी तोवर मातीत सांडलेलं होतं. दरसाल त्याचीच लेकरं वाढली. काकांनी माठातलं फुललेलं झाड बोटानं वाकवून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे बोकड निवडावा तसा आमीच त्याचा वंश सुधरून राहिलो व्हय.”

तेव्हापासून पोळ्याची वाट बघणं बंद. पाऊस लागला की पुन्हा पुन्हा जायचं, फूल दिसायच्या आत. भावकी कुरकुरली, काका वाकत राहिले. आता त्यांचे गुडघे धरतात. ते बांधावर बसून काठीनं दाखवतात, मी उपटते. एखादं इवलंसं झाड कळी धरून बसलेलं दिसलं की हातात घेऊन निरखतात, “शहाणं हाय लेकाचं,” म्हणतात, आणि टाकायला जरा उशीरच करतात. गायरानाचा वरचा भाग अजून पाव्हण्याकडेच आहे. ओढ्याकडच्या उतारावर मात्र शेळ्या आवडीनं खातात ते पवना गवत परत आलंय, आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही एकही शेळी विकली नाही.