शिरीषावरची घार

तात्यांनी कुठल्याही पक्ष्याला सुंदर म्हटलेलं मला आठवत नाही. पक्षी दिसला की त्यांना एवढंच हवं असे: हा कोणाला खातो आणि ह्याला कोण खातं. "मेल्या, पिसां काय बघतंस? चोच बघ. ता हत्यार आसा." चारकोपच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहत. गिरणी गेली, मग वॉचमनकी केली, ती सुटल्यावर हे सुरू झालं.

माघ सरत आला की रोज सकाळी ते खाडीकडे फेरी मारत आणि दूध घेऊन परतताना दारोदार बातमी देत. बातमी नेहमी मारामारीची. खंड्याने सरडा तारेवर आपटून आपटून मऊ केला. कावळ्यांनी कोकिळेला रक्तबंबाळ केलं. एकदा शिक्र्याने दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या एसीवर पारवा फाडायला घेतला. वहिनी किंचाळत झाडू घेऊन धावल्या, तर तात्या खालून ओरडले, "ओ वहिनी, हाकलू नका! जेवतोय तो!" वहिनी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र ह्या माणसाचं वेड होतं. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, बातमी ऐकल्याशिवाय मी जिना उतरत नसे.

त्या वर्षी कंपाउंडलगतच्या शिरीषावर घारीने घरटं केलं. पिल्लं दोन. त्यानंतर ती गच्चीवर कोणाला फिरकू देईना. आई पापड वाळत घालायला गेली आणि घारीने मागून येऊन तिचं डोकं फोडलं. सहा टाके पडले. तात्या म्हणाले, "महिनोभर गच्चीक कुलूप घाला. पिल्लां उडाली की झाला." आईची रक्ताने माखलेली साडी अजून बादलीत भिजत होती. मला त्यांचा भयंकर राग आला.

आमच्याकडे होळी गावच्यासारखी उभी करतात, मधोमध एक उंच फांदी. फांदी आवारातल्याच झाडाची, आणि पहिला घाव घालायचा मान तात्यांचा. मीटिंगमध्ये मीच म्हटलं, "ह्या वेळी शिरीषाची घ्या ना यार. तीच, घरट्याची." डोकं सगळ्यांनाच प्यारं होतं. तात्या मीटिंगला नव्हते, बाकी कोणी नाही म्हटलं नाही.

होळीच्या सकाळी तात्यांनी कोयता हातात घेतला, वर पाहिलं आणि कोयता गटारात फेकला. "माझ्या हातान ह्या होवचा नाय." मग त्यांनी खोडाला मिठीच मारली. दोघांनी ओढून काढलं तेव्हा त्यांचा सदरा टराटरा फाटला. मी बाइकचं हेल्मेट चढवलं, शिडी लावली आणि कुऱ्हाड घेऊन वर गेलो. घार तीनदा हेल्मेटवर आदळली. प्रत्येक वेळी मी जास्त जोरात घाव घातला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

फांदी कोसळली. एक पिल्लू जागीच चिरडलं, दुसरं चोच उघडून तडफडत होतं. तात्या त्याच्यावर वाकले, आणि घारीने त्यांच्याच टकलात पंजे रुतवले. रक्त कपाळावरून ओघळून पिल्लावर पडत राहिलं, पण त्यांनी ओंजळ हलवली नाही. पिल्लू त्या ओंजळीतच मेलं.

मी खाली उतरून म्हणालो, "बघितलंत ना तात्या? तिने तुम्हालाही सोडलं नाही."

त्यांनी मान वर केली. "घारीक अक्कल नाय रे. तुका होती."

संध्याकाळी होळी पेटली. सगळ्यांनी बोंब ठोकली. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटलेली नाही.

त्यानंतर तात्या तीन वर्षं होते. डोक्यावर तीन पांढरे ओरखडे घेऊन ते दर माघात सगळ्या दारांवर बातमी देत. आमच्या दारी आईला सांगत, तिचे टाके दुखतात का तेही विचारत. आतून ऐकता ऐकता मी कधी न राहवून दारात येई. तेव्हा बातमीतला शिक्रा पारव्यावर झेपावलेला असे. मला बघून तात्या गोष्ट तिथेच सोडत, दुधाची पिशवी उचलत आणि शेजारची बेल वाजवत.